पवनचक्कीवरचं काम 'ग्रीन जॉब' आहे म्हणतात, पण चांगला जॉब आहे का? युनियनशी स्वतःहून करार करणारी पर्यावरणवाली कंपनी कुठे असते का?

पाटणचा_वारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यातला, पाटण तालुका. आयटीआय इलेक्ट्रिशियन. गेली ७ वर्षं पवनचक्कीच्या मेंटेनन्सवर आहे, आधी आमच्याच वनकुसवड्याच्या पठारावर होतो आणि आता धुळे जिल्ह्यात साक्रीकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जुन्या टॉवरला लिफ्ट नसते. आत सरळ शिडी असते, हार्नेस लावायचा आणि चढायचं. वर पोचेपर्यंत मांड्या भरून येतात, आणि मे महिन्यात वरच्या डब्यात (आम्ही डबाच म्हणतो, इंजिनिअर लोक नॅसेल म्हणतात) लोखंड एवढं तापलेलं असतं की हातमोजा काढला की चटका. एकदा मी वर गेलो आणि १९ चा पाना खालीच राहिलेला, खालच्या पोरानं दोरीला बांधून पाठवला तर मधेच सुटला. आता हसतो पण त्या दिवशी खाली कुणी उभं असतं तर काय झालं असतं.

तर मुद्दा असा. साइट ऑफिसात मोठं पोस्टर आहे, हिरवीगार पृथ्वी दोन हातांत धरलेली आणि खाली लिहिलंय की तुम्ही सगळे पृथ्वीचे रक्षक आहात. बरं वाटतं वाचून, खोटं कशाला बोलू. पण हे रक्षक ७ वर्षांत ३ कॉन्ट्रॅक्टरकडे फिरलेत. टॉवर तोच, जीप तीच, सुपरवायझर पण तोच, फक्त पगार ज्याच्या खात्यातून येतो त्याचं नाव बदलतं. पीएफचा यूएएन एकच आहे त्यामुळे ते चालू राहतं, पण सर्व्हिस दर वेळी शून्यापासून, म्हणजे ग्रॅच्युइटीची ५ वर्षं काही केल्या भरत नाहीत. मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालात आमचे फोटो आहेत बरं का, हेल्मेट घालून हसताना. पगारपत्रकात आम्ही कुठेच नाही.

मागे एका मित्रानं सांगितलं की परदेशात अशा पर्यावरणवाल्या कंपन्या स्वतः युनियनबरोबर बसून करार करतात, की आम्ही ग्रीन प्रोजेक्ट उभा करू आणि त्यातली कामं चांगल्या पगाराची असतील. मला हे जरा अति वाटलं. खरंच असं असतं का, की हे पण पोस्टरच? आणि आपल्याकडे असं काही कुठे झालंय का? कुणाला माहिती असेल तर सांगा, शिव्या नका घालू.

---

चाकण_एक्सप्रेस

भाऊ युनियनचं नाव काढलं की कंपनी गुजरातला जाते. आहे ती नोकरी सांभाळ.

---

पाटणचा_वारा

दादा कार कंपनी जात असेल. वनकुसवड्याचं पठार कसं उचलून नेणार गुजरातला? वारा इथं आहे म्हणून तर ते इथं आलेत.

---

प्रॉव्हिडन्सकर

हाहा, हे भारी होतं. आणि खरं सांगू का, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे, मी खाली येतोच त्यावर.

मी मूळचा कोल्हापूरचा, पण बरीच वर्षं ऱ्होड आयलंडमध्ये आहे. काम आयटीचं, पवनचक्कीशी संबंध नाही, पण आमच्या शेजारचा माणूस इलेक्ट्रिशियन आहे, युनियनचा मेंबर, आणि त्याच्याबरोबर बर्फ काढता काढता हा सगळा विषय कानावर पडत असतो. आणि ऱ्होड आयलंड हे या विषयातलं माहेरघरच आहे म्हणा. अमेरिकेतल्या समुद्रातल्या पहिल्या पवनचक्क्या इथेच, ब्लॉक आयलंडजवळ, २०१६ साली सुरू झाल्या. फक्त ५ टर्बाइन, ३० मेगावॅट. आता ती ऑर्स्टेड नावाच्या डॅनिश कंपनीकडे आहे. गंमत म्हणजे या कंपनीचं जुनं नाव 'डाँग', म्हणजे डॅनिश तेल आणि नैसर्गिक वायू असा त्याचा अर्थ, तेलगॅसचा धंदा विकून टाकला आणि २०१७ ला नाव पण बदललं.

तर या ऑर्स्टेडनी मे २०२२ मध्ये इथल्या बांधकाम कामगारांच्या युनियनच्या महासंघाशी (नॅबटू म्हणतात त्याला, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, लोखंडकाम करणारे, पाणबुडे सगळ्यांच्या मिळून १५ मोठ्या युनियन) एक करार केला. म्हणजे एखाद्या प्रोजेक्टपुरता नाही तर अटलांटिक किनाऱ्यावर ही कंपनी समुद्रात जेवढे विंड प्रोजेक्ट उभारेल त्या सगळ्यांच्या बांधकामाला लागू. माणसं युनियनकडून घ्यायची, पगार आणि बाकीचे फायदे आधीच ठरलेले, शिकाऊ पोरांना प्रोजेक्टवर जागा, स्थानिकांना आणि ज्यांना आजवर या धंद्यात शिरायला मिळालं नाही त्यांना घेण्याबद्दलची कलमं. बदल्यात युनियननी लिहून दिलं की कामात संप नाही आणि कंपनीनं लिहून दिलं की टाळेबंदी नाही.

आता तू म्हणशील कंपनी एवढी उदार कशी. उदार नाही रे बाबा. समुद्रात टर्बाइन उभारायचं जहाज भाड्यानं घेतलं की रोजचं भाडं डोळे पांढरे करणारं असतं, आणि हवा चांगली असण्याचे दिवस मोजके. त्यात वेल्डर मिळाला नाही किंवा दोन युनियनमध्ये हे काम तुझं की माझं म्हणून भांडण लागलं तर जहाज नुसतं उभं. शेजारी म्हणतो तसं, त्यांनी आमच्याकडून माणुसकी नाही विकत घेतली, कॅलेंडर विकत घेतलं. शिवाय दुसरं कारण म्हणजे सरकार. २०२२ च्याच ऑगस्टमध्ये बायडनचा मोठा कायदा आला, त्यात मोठ्या प्रोजेक्टला कर सवलत मूळ ६ टक्के, पण कामगारांना त्या भागातला प्रचलित पगार दिला आणि ठरलेल्या प्रमाणात शिकाऊ कामगार घेतले तर तीच सवलत तेव्हा ३० टक्के व्हायची. पाचपट! आता कुठल्या कंपनीचा हिशेबनीस चांगल्या पगाराला नको म्हणेल?

पण उलटं उदाहरण पण सांगतो नाहीतर तुला वाटेल इकडे दुधाच्या नद्या वाहतात. ओहायोमध्ये लॉर्ड्सटाउन म्हणून गाव आहे, तिथे जनरल मोटर्सचा जुना कार प्लांट होता, २०१९ ला बंद केला. नंतर शेजारीच बॅटरीचा कारखाना आला, जनरल मोटर्स आणि कोरियाच्या एलजीची भागीदारी, अल्टियम नावानी. ग्रीन जॉब म्हणून वाजतगाजत आला. आणि सुरुवातीचा पगार किती, तर तासाला साडेसोळा डॉलर. जुन्या प्लांटमधल्या अनुभवी माणसाला तिशीच्या घरात मिळायचे. म्हणजे कार पर्यावरणाची झाली आणि कामगाराचा पगार अर्ध्यावर आला! तिथे मग डिसेंबर २०२२ मध्ये युनियन हवी की नको यावर मतदान झालं, ७१० विरुद्ध १६. सोळाच लोक नको म्हणाले. त्यानंतर वाटाघाटी झाल्या, २०२३ चा मोठा संप झाला, आणि बॅटरीवाल्यांना जनरल मोटर्सच्या मुख्य युनियन कराराच्या छत्रीखाली आणलं तेव्हा पगार वर गेले. म्हणजे कंपनी तीच, बॅटरी तीच, पृथ्वी पण तीच.

आणि हो, अजून एक जपून ठेवण्यासारखी गोष्ट. पेनसिल्व्हेनियात गामेसा ही स्पॅनिश पवनचक्कीवाली कंपनी २००६ च्या सुमारास आली होती, बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या जागेवर, पोलाद कामगारांच्या युनियनबरोबर जुळवून घेऊन. त्या काळात सगळे भाषणात हेच उदाहरण द्यायचे. २०१२ संपताना विंडची कर सवलत संपणार अशी चिन्हं दिसली, ऑर्डरी आटल्या आणि त्याच वर्षी शंभरावर लोकांना घरी बसवलं. करार चांगला होता, पण कामच नसेल तर कराराचं काय लोणचं घालायचं.

२०२५ मध्ये आमच्याकडेही असंच झालं. ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकटसाठी वीज देणारा ऑर्स्टेडचाच प्रोजेक्ट, ६५ टर्बाइन, ८० टक्के काम झालेलं, आणि २२ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारनी थांबवा म्हणून आदेश काढला. बरोबर महिन्यानी कोर्टानी काम परत सुरू करू दिलं. त्या महिन्यात कंपनीपेक्षा मोठ्यांदा कोण ओरडत होतं माहितीये? युनियनवाले. ज्या बांधकाम युनियनना लोक कायम पाइपलाइनवाले, तेलवाले म्हणून ओळखतात ते पवनचक्कीसाठी भांडत होते. मला वाटतं कंपनीला त्या करारातून सगळ्यात मोठा फायदा मिळाला असेल तर तो हा.

एक मात्र लक्षात घे, हा करार बांधकामाचा आहे. तुझ्यासारखं नंतरच्या २५ वर्षांच्या मेंटेनन्सचं काम त्यात येत नाही. आणि पठार उचलून नेता येत नाही हे तू म्हणालास ना, तेच इथल्या युनियनचं पण भांडवल आहे. समुद्र कुठे हलतोय.

---

चाकण_एक्सप्रेस

एवढं सगळं वाचलं. अमेरिकेत असेल हो. इथे ठेकेदार नगरसेवकाचा मेव्हणा असतो.

---

कोथरूडची_ताई

चाकणभाऊ, मेव्हणा असतोच, पण इथे काहीच झालं नाही असं नका म्हणू, पुण्यात बसून तरी नका म्हणू.

पवनचक्कीतलं मला काही कळत नाही. पण प्रश्न जर ग्रीन काम, युनियन आणि कंपनी या तिघांचा असेल तर आमच्या गेटवर रोज सकाळी साडेआठला ते उत्तर ढकलगाडी घेऊन येतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. कचरावेचकांची युनियन, १९९३ ची, बाबा आढाव आणि एसएनडीटीच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या बायकांनी मिळून उभी केलेली. त्याआधी या बायका कचराकुंडीत वाकून भंगार वेचायच्या, कुत्री चावायची, पोलीस चोर म्हणून हटकायचे. युनियननी पहिलं काय मिळवलं तर पगार नाही, ओळखपत्र! महापालिकेची मान्यता असलेलं. त्या एका कार्डामुळे हटकणं कमी झालं असं आमच्या मावशी सांगतात, त्यांनी ते अजून प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलंय.

मग २००८ पासून याच युनियनमधून निघालेली 'स्वच्छ' सहकारी संस्था आणि पुणे महापालिका यांचा करार आहे. घरोघरचा कचरा गोळा करायचा, महिन्याला घरामागे ठरलेले पैसे घ्यायचे आणि सुक्यातलं जे विकलं जाईल ते त्यांचं. म्हणजे मालकीण त्याच आणि कामगार पण त्याच. करार संपत आला की दर वेळी ओढाताण, मोठ्या गाड्यांचे ठेकेदार टपलेले असतात, मुदतवाढ दोन महिन्यांची मिळते की चार याच्या बातम्या आपण वाचतोच. आमच्या सोसायटीतही मीटिंगला एक काका दर वर्षी उठतात आणि एवढे पैसे कशाला म्हणतात, तेच काका डायपर ओल्या कचऱ्यात टाकतात, जाऊ दे.

आता कंपन्यांचं. हे मी जवळून बघितलंय म्हणून सांगते. मावशी सुकं सगळं गाडीवर ओततात आणि हात असे चालतात की बघत राहावं, पुठ्ठा इकडे, बिसलरी तिकडे (कुठल्याही कंपनीची बाटली असो, ती बिसलरीच), दूधपिशवी वेगळी, काच वेगळी. आणि वेफरचं चकचकीत पाकीट आलं की ते बाजूला फेकायचं. मी विचारलं का, तर म्हणाल्या, 'ताई हे कोण घेत नाय, याला भावच नाय.' प्लॅस्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना चिकटलेले असतात, वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. ते सगळं डेपोत नाहीतर नाल्यात. मग आयटीसी कंपनीबरोबर 'स्वच्छ'नी प्रकल्प केला, ही पाकिटं वेगळी गोळा करायची आणि त्याचे किलोवर पैसे. ज्याला भाव नव्हता त्याला भाव आला. ग्रीन जॉब म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, काम त्या आधीही करतच होत्या, पैसे कुणी देत नव्हतं.

पण ही गोडीगुलाबी आपोआप नाही झाली. २०१३ ला सॅनिटरी पॅडवरून याच बायकांनी काय केलं माहितीये? वापरलेले पॅड पिशव्यांत भरून बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. घ्या तुमचं तुम्ही! कारण रोज उघड्या हातानी ते वेगळं त्यांनाच करावं लागायचं. नंतर २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं की पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी गुंडाळून टाकायला पाकीट किंवा कागद बरोबर द्यायचा. लाल ठिपका लावून पॅड वेगळं द्या ही मोहीम पण यांचीच. आधी भांडण आणि मग भागीदारी, असा क्रम आहे तो. पोस्टरवर फक्त दुसरी अर्धी गोष्ट छापतात.

आणि हा करार काही परिपूर्ण नाहीये हं. पीएफ नाही, भरपगारी सुट्टी नाही, घरचे पैसे चुकवतात तो तोटा मावशींचा. ग्रॅच्युइटीचं तर नावच नको.

---

बेंगळुरूतला_मराठी

ताईंच्या पोस्टला जोडून थोडंसं. इकडे पण कचरावेचकांची संघटना आहे, हसिरू दळा. आणि २०१९ ला बॉडी शॉप या ब्रिटिश कंपनीनी इथल्या वेचकांनी गोळा केलेलं प्लॅस्टिक आपल्या बाटल्यांसाठी घ्यायला सुरुवात केली, बाजारभाव पडला तरी बरा भाव मिळावा या हिशेबानी. चांगलं होतं. पण २०२४ च्या फेब्रुवारीत तिकडे ब्रिटनमधली कंपनीच डबघाईला येऊन प्रशासकाच्या ताब्यात गेली. एकाच भल्या गिऱ्हाइकावर किती अवलंबून राहायचं हा प्रश्न उरतोच.

बाकी २०२२ पासून प्लॅस्टिकवाल्या कंपन्यांवर कायद्यानीच जबाबदारी आहे की जेवढं पॅकिंग बाजारात टाकता तेवढ्याची विल्हेवाट लावा नाहीतर सर्टिफिकेट विकत घ्या. पण त्या सर्टिफिकेटमध्ये किलो मोजतात, वेचणारीला काय मिळालं ते मोजत नाहीत. त्यामुळे २०२३ ला लाखोंनी खोटी सर्टिफिकेटं सापडली तेव्हा मला तरी नवल वाटलं नाही. कागदावरच गोळा केलेल्या कचऱ्याला माणूस लागतच नाही.

---

पाटणचा_वारा

बापरे, एवढं सगळं. आज जेवणाच्या सुट्टीत टॉवरच्या दारात बसून वाचलं, सगळ्यांचे आभार. प्रॉव्हिडन्सकर दादा तुमचं ते 'कॅलेंडर विकत घेतलं' मी पोरांना वाचून दाखवलं.

पण अडचण सांगतो. ताईंच्या मावशी एका शहरात आहेत, एकमेकींना भेटतात. लॉर्ड्सटाउनवाले एका गेटातून आत जातात. आम्ही एका साइटला ८ किंवा १०, पुढची साइट ४० किलोमीटरवर, त्यात तिथला कॉन्ट्रॅक्टर वेगळा. मालक कोण विचारलं तर तिघे आहेत, पवनचक्की ज्याची तो गुंतवणूकदार मुंबईत, मेंटेनन्सचा करार घेतलेली मोठी कंपनी, आणि तिच्याखाली आमचा कॉन्ट्रॅक्टर. भांडायचं म्हटलं तरी कुणाच्या दारात जाऊन बसायचं तेच कळत नाही. वाऱ्याच्या सीझनला, म्हणजे जून ते सप्टेंबर, एक टर्बाइन दिवसभर बंद राहिलं तर वरपासून फोन सुरू होतात, तेवढं मात्र कळतं.

---

पिंपरीचा_म्हातारा

बाळा, शेवटचं वाक्य लिहिलंस ते परत एकदा वाच. तुझं कॅलेंडर तुला सापडलंय.

मी ३१ वर्षं पिंपरी चिंचवड पट्ट्यात एका इंजिनिअरिंग कारखान्यात काढली, १२ वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो, करार ५ केले. आता रिटायर आहे, सकाळी फिरायला जातो आणि बाकी वेळ इथे तुमच्यासारख्यांना पिडतो. दोन गोष्टी सांगतो, थोडं लांबेल.

पहिली म्हणजे मालक अनेक आणि कामगार विखुरलेले, हे तुला नवीन वाटतंय पण महाराष्ट्राला ते नवीन नाही. हमालांचं काय होतं? आज या व्यापाऱ्याची पोती, उद्या त्याची. कायम मालक असा कुणीच नाही, म्हणून कुणावरच काही बंधन नाही. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पुण्यात तो लढा दिला आणि १९६९ ला माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती बघ. कामगाराची नोंद मालकाकडे नाही, बोर्डाकडे. व्यापाऱ्याची नोंद पण बोर्डाकडे. मजुरी आणि वर लेव्ही (म्हणजे मजुरीवर ठरलेली जादा रक्कम) बोर्डात भरायची, बोर्ड कामगाराला पगार देणार आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा सगळं चालवणार. व्यापारी बदलला तरी माणसाची सर्व्हिस तुटत नाही कारण ती बोर्डाच्या वहीत आहे. पुढे १९८१ ला खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी असाच कायदा आला, तिथे पण हेच बोर्ड.

आता पवनचक्कीचा मेकॅनिक माथाडी होत नाही हे मला माहीत आहे, लगेच कुणी दुरुस्ती करायला येऊ नका. मी युक्ती सांगतोय. टॉवर २० २५ वर्षं तिथंच आहे आणि कॉन्ट्रॅक्टर दर २ ३ वर्षांनी बदलतो, तर सर्व्हिस टॉवरला बांधा, कॉन्ट्रॅक्टरला नको. नवा येईल त्यानं जुनी माणसं जुन्या तारखेसकट घ्यायची, एवढं एक कलम मोठ्या कंपनीनं आपल्या टेंडरमध्ये घातलं तर तुझे निम्मे प्रश्न मिटतात. आमच्या कारखान्यात कॅन्टीनच्या पोरांसाठी आम्ही हेच मिळवलं होतं, आमच्या स्वतःच्या करारात एक कलम घालून. आमचेच लोक तेव्हा आम्हाला म्हणाले, भांडी घासणाऱ्यांसाठी तुम्ही आमची १०० रुपयांची वाढ का अडवता. ५ करारांत ते एक कलम मला अजून आठवतं, पगारवाढीचे आकडे विसरलो.

माथाडीच्या नावाखाली पुढे वसुलीवाले घुसले, पोती न उचलता पैसे मागणारे, ते चाकणवाल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. म्हणून चाकणवाल्याचा राग मला समजतो. पण ती टोळी झाली, तिला युनियन म्हणू नका.

दुसरी गोष्ट कागदाची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड (केंद्राचे नवे कामगार कायदे) लागू झालेत. त्यातलं आम्हा जुन्या लोकांना बरंचसं पटत नाही, संप करणं अवघड करून ठेवलंय, ते भांडण वेगळं. पण तुझ्या कामाचं त्यात दोन आहे. एक, मुदतीच्या नोकरीवर, म्हणजे फिक्स्ड टर्मवर असशील तर ग्रॅच्युइटीला ५ वर्षं थांबायचं नाही, एक वर्ष भरलं की हक्क लागतो. दोन, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाच लागतं. आता तू फिक्स्ड टर्म आहेस, का कॉन्ट्रॅक्टरचा कायम माणूस आहेस, का नुसता मस्टरवरचा, हे तुला माहीत आहे का? तुझ्या लेटरवर काय लिहिलंय ते बघ. आधी ते बघ आणि मग अमेरिकेचं बघू.

आणि ते पोस्टर फाडू नकोस. जपून ठेव. परदेशी पैसा लागलेला असतो अशा प्रोजेक्टमध्ये, ते गुंतवणूकदार दर वर्षी विचारतात कामगारांचं कसं चाललंय म्हणून आणि वरच्या ऑफिसातून छान छान उत्तर जातं. कंपनी स्वतःच्या तोंडानं जे म्हणते ते तिच्यासमोर ठेवून बोलणी करणं सोपं जातं, शिव्या देऊन नाही जात. आम्ही वार्षिक अहवाल घेऊनच बसायचो टेबलावर.

---

प्रॉव्हिडन्सकर

काका, सर्व्हिस टॉवरला बांधा हे मी शेजाऱ्याला इंग्रजीत करून सांगितलं. तो म्हणाला आमच्याकडे मेंबरची पेन्शन आणि इन्शुरन्स युनियनच्या फंडात असतं, कॉन्ट्रॅक्टर तासाप्रमाणे त्यात भरतो, आज इथे उद्या तिथे, वही एकच. म्हणजे तुमचा माथाडी बोर्डच की हो हा. मी एवढी वर्षं इथे राहून मला माथाडी कायदा नीट माहीत नव्हता.

---

चाकण_एक्सप्रेस

वसुलीवाल्यांचं काकांनी बरोबर लिहिलं. माझ्या भावाचं छोटं वर्कशॉप आहे, ट्रक खाली करायला स्वतःची पोरं असताना दुसऱ्यांना पैसे द्यायला लागायचे. म्हणून डोकं फिरतं. बाकी वारावाल्या, तुला शुभेच्छा. पडू नको वरून.

---

पाटणचा_वारा

नाही पडत दादा, दोन हूक असतात.

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. आमच्या साइटचे ९ आणि पलीकडच्या साइटचे ६ असा व्हॉट्सॅप ग्रुप केला, नाव मुद्दाम 'क्रिकेट रविवार' ठेवलंय. सगळ्यांना म्हटलं आपापलं नेमणूकपत्र घेऊन या, साक्रीच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीवर भेटलो. १५ पैकी ११ आले. दोघांकडे लेटर निघालं, त्यातलं एक आधीच्या कॉन्ट्रॅक्टरचं. माझ्याकडे नाहीच, ७ वर्षांत मला कधी मागायचं सुचलंच नाही, आयकार्ड मिळालं म्हणजे झालं असं वाटायचं. दुसरं जे लेटर होतं त्यावर हुद्दा लिहिलाय 'हेल्पर'. तो पोरगा ५ वर्षं गिअरबॉक्स उघडतोय.

उद्या ११ जणांच्या सह्यांचा अर्ज देतोय, नेमणूकपत्र मिळावं, बस एवढाच. मराठीत लिहिलाय, कुणी एकदा नजर टाकून देईल का? फोटो काढून टाकतो रात्री, आत्ता रेंज नाही, हे पण वर चढून टाकतोय.